सूर धरणारी माणसं

आमच्या दिंडोरीकडे द्राक्षबागेला वर्षातून दोन छाटण्या लागतात. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. पहिलीनं काडी घडवायची, दुसरीनं घड घ्यायचे. आपल्या हवेत वेल पुरती विसावत नाही, सदा हिरवी राहू पाहते, म्हणून कात्री चालवून तिला वळण लावावं लागतं. जॉर्जियाच्या पूर्वेकडच्या काखेती प्रांतात वेल आपणहून विसावते. थंडी पडली की पानं गाळते, बर्फात उघडी उभी राहते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर सरता सरता पिकते. छाटणी वर्षातून एकदाच. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला परक्या मुलखात आधी बाग दिसते, गाव नंतर. सिग्नागी गावाच्या चढाला गाडी लागली, खाली अलाझानी नदीचं खोरं उघडलं आणि पलीकडे कॉकेशसची रांग उभी राहिली, तेव्हाही मी ओळींमधली अंतरं मोजत होते. पुढे बागेत पाय ठेवला तर घड लहान आणि मणी गच्च भरलेले. आम्ही विरळणी करतो, मणी फुगवतो, कारण आमचं द्राक्ष हातात घेऊन खायचं असतं. इथे मणी लहानच हवा, साल जाड हवी, बी हवी. वाइनला रंग आणि धार त्यातूनच येते.

माझी भाची तिबिलिसीत डॉक्टरकी शिकते. तिच्यासारखी बरीच मराठी मुलं आता त्या शहरात आहेत. तिच्या एका वर्गमैत्रिणीचं आजोळ सिग्नागीच्या खाली, खोऱ्यातल्या एका खेड्यात. भाचीनं फोनवर सांगितलं, “मावशी, रत्वेलीला ये. पण नुसती बघायला येऊ नकोस, काम करावं लागेल.” रत्वेली म्हणजे द्राक्ष काढणीचे दिवस. त्या दिवसांत शहरात गेलेली मुलं घरी परततात, शेजारी एकमेकांच्या बागेत राबतात, आणि संध्याकाळी ज्याच्या बागेत काम झालं त्याच्याकडे सगळ्यांचं जेवण.

सिग्नागी तिबिलिसीपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. वस्ती जेमतेम दीड हजार. गावाभोवती 18व्या शतकात राजा एरेक्ले दुसरा यानं बांधलेली भिंत आहे आणि तिला 23 बुरूज आहेत. एवढ्याशा गावाला एवढी लांब भिंत कशाला, असा प्रश्न पडतो. उत्तर असं की भिंत गावासाठी बांधलीच नव्हती. दागेस्तानच्या डोंगरांतून टोळ्या उतरत, माणसं पळवून नेत. तशी वेळ आली की खोऱ्यातल्या खेड्यांनी गुराढोरांसकट वर येऊन भिंतीच्या आत राहायचं. अलाझानीच्या खोऱ्यात जे जे म्हणून टिकलं, ते असं एकमेकांच्या आसऱ्यानं टिकलं. गावात आणखी एक भिंत आहे. दुसऱ्या महायुद्धात इथून गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांची नावं तिच्यावर कोरली आहेत. त्या नावांपुढे मी बराच वेळ उभी होते. जॉर्जियन लिपी मला वाचता येत नाही, पण एकाखाली एक तीच अक्षरं येत गेली की एका घरातून किती जण गेले ते कळतं.

मला हे लिहायला हवं की मी माळकरी घरातली. वाइनच्या कंपन्या आमच्या तालुक्यात आल्या तेव्हा वडिलांना विचारणा झाली होती. ते एवढंच म्हणाले, “गळ्यात माळ आहे.” बाग खाण्याच्या द्राक्षाचीच राहिली. मी स्वतः दारू घेत नाही. तरीही त्या मुलखात मला परकं वाटलं नाही, आणि ते का, हेच मला सांगायचं आहे.

भाचीच्या मैत्रिणीच्या आजोळी घराच्या मागे मरानी होती, म्हणजे वाइनची खोली. आत पिंपं नाहीत, बाटल्यांच्या रांगा नाहीत. मातीची जमीन आणि त्या जमिनीत गोल तोंडं. प्रत्येक तोंडाखाली एक क्वेवरी पुरलेली, माणूस आत उतरेल एवढी. रांजण म्हणावा तर तिला बूड नाही, तळाशी ती निमुळती होत जाते. तिला घडवलंय तेच जमिनीत राहण्यासाठी. ती चाकावर होत नाही. कुंभार मातीच्या वळ्या एकावर एक चढवत जातो, रोज थोड्याच, कारण खालची माती धरेपर्यंत वरचं ओझं टाकता येत नाही. मोठी क्वेवरी उभी राहायला महिने लागतात. मग भट्टी, आणि भट्टीतून निघाल्यावर अंग गरम असतानाच आतून मधमाश्यांचं मेण. हे काम जाणणारी घरं आता थोडी उरली आहेत. काखेतीत वार्दिसुबानी, इमेरेतीत श्रोशा आणि माकातुबानी ही त्यांची गावं. 2013मध्ये युनेस्कोनं क्वेवरीत वाइन करण्याची रीत मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली. त्या नोंदीनं कुंभारांना मागणी आली, हे चांगलंच झालं.

दव वाळल्यावर काढणी सुरू झाली. वाकडी सुरी, प्लास्टिकची बादली, आणि बादली भरली की पाठीवरच्या टोपलीत. जात र्काचितेली, पांढरी, पिकल्यावर सालीवर तांबूस झाक येणारी. दुपारी सगळा माल सात्स्नाखेलीत पडला. एका बुंध्यातून कोरलेली ती लांब डोणी. घरातली तरुण मुलं पाय धुऊन तिच्यात उतरली आणि तुडवू लागली. रस एका बाजूच्या भोकातून वाहत क्वेवरीत गेला, आणि त्याच्यामागून साल, बी, देठ असा चोथाही आत घातला. त्या चोथ्याला ते चाचा म्हणतात. युरोपात पांढऱ्या द्राक्षाचा चोथा लगेच बाजूला काढतात. काखेतीत तो पाच-सहा महिने रसासोबत राहतो, म्हणून इथली पांढऱ्या द्राक्षाची वाइन मधाच्या रंगाची होते. पहिले दिवस आत उकळी फुटल्यासारखं होतं. साल वर तरंगते, ती दिवसातून अनेकदा काठीनं खाली दाबायची. हे रात्रीही करावं लागतं. उसळी ओसरली की बी निमुळत्या तळात जाऊन बसते, साल तिच्यावर झाकण घालते, आणि बीचा कडवटपणा वर चढत नाही. तोंडावर दगड किंवा लाकूड ठेवून कडेनं माती लिंपायची. मग वसंतापर्यंत हात लावायचा नाही. गारवा जमीन देते, आकार निवळण्याचं काम करतो. माणसाचं काम भांडं स्वच्छ ठेवण्याचं. घरातले आजोबा मला पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले. चेरीच्या सालीच्या कुंचल्यानं क्वेवरी घासताना त्यांचा नातू कमरेपर्यंत आत वाकला होता. घासलेलं पाणी पिण्याजोगं स्वच्छ निघेपर्यंत घासायचं, असा त्यांचा नियम.

जॉर्जियाच्याच दक्षिणेकडे गादाच्रिली गोरा आणि शुलावेरी गोरा या टेकाडांवर मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडले. त्यांत मुरलेलं द्राक्षाचं आम्ल तपासून संशोधकांनी 2017मध्ये मांडलं की इसवी सनापूर्वी सुमारे 6000 वर्षांच्या त्या भांड्यांत वाइन होती. द्राक्षाच्या वाइनचा इतका जुना रासायनिक पुरावा तोवर कुठेच मिळाला नव्हता. या आठ हजार वर्षांचा अभिमान इथे प्रत्येकाच्या तोंडी आहे. मला मात्र अलीकडची शंभर वर्षं जास्त महत्त्वाची वाटली, कारण रीत मोडता मोडता वाचली ती याच काळात. सोव्हिएत राजवटीत बागा सरकारी झाल्या, कारखान्यांना माल वजनावर हवा होता, पाचशेच्या वर देशी जातींतल्या मोजक्याच लावल्या गेल्या. 1985मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूविरुद्ध मोहीम काढली आणि उभ्या बागा उपटल्या गेल्या. 2006मध्ये रशियानं जॉर्जियन वाइन बंद केली. तोवर बहुतेक माल तिकडेच जात होता. सात वर्षांनी तो बाजार पुन्हा उघडला. या सगळ्या काळात क्वेवरी कुठे होती? घरामागे. कारखान्यासाठी बाग पिकवणारा माणूसही स्वतःच्या घरच्यासाठी चार ओळी ठेवत असे, आणि त्या ओळींची वाइन आजोबांनी केली तशीच होत असे. निर्यात थांबल्यावर जे नवे लोक पुन्हा क्वेवरीकडे वळले, त्यांना विचारायला ही घरं होती. सिग्नागीतच 2007मध्ये जॉन वर्डमन या अमेरिकन चित्रकारानं एका स्थानिक द्राक्ष उत्पादकाबरोबर क्वेवरीच्या वाइनचं काम उभं केलं, आणि आज ते नाव जगभर घेतलं जातं. त्याला या देशात मुळात ओढून आणलं ते इथल्या लोकगाण्यांनी.

संध्याकाळी अंगणात लांब मेज मांडलं. द्राक्षाच्या वाळक्या काड्यांच्या निखाऱ्यावर मांस भाजलं जात होतं. मातीच्या खोल भट्टीच्या भिंतीला थापलेली, होडीच्या आकाराची भाकरी होती. माझ्यापुढे वांग्यात अक्रोडाचं वाटण, राजमा, कोथिंबीर, चीज आलं. या जेवणाला सुप्रा म्हणतात, आणि सुप्राला एक तमादा असतो. त्यानं प्याला उचलून बोलल्याशिवाय कुणी पीत नाही. आमचा तमादा शेजारचे निवृत्त शिक्षक. त्यांनी देवाचं नाव घेतलं, शांततेसाठी मागितलं, पाहुण्यांसाठी मागितलं. दर वेळी दोन-तीन मिनिटं, न अडखळता, पाठ केलेलं नसलेलं बोलणं. मग ते कुणा एकाकडे वळून “अलावेर्दी” म्हणत. म्हणजे त्या माणसानं तोच धागा पुढे न्यायचा. कुणालाही सुटका नाही. दहावीतला मुलगा उठला आणि त्याच्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य भाचीनं मला सांगितलं तेव्हा तिचाच आवाज दाटला होता.

मी काय उचलायचं, हा प्रश्न मी आधीच भाचीकरवी विचारला होता. तमादा म्हणाले, आज काढलेला रस आहे ना, अजून त्याची वाइन व्हायची आहे, तोच घ्या. माझ्या प्याल्याकडे नंतर कुणी पाहिलंही नाही. लक्ष होतं ते मी काय बोलते याकडे.

मग गेलेल्यांसाठीचा प्याला आला. पुरुष उभे राहिले. प्रत्येकानं भाकरीच्या तुकड्यावर वाइनचे थेंब सांडले आणि आपापल्या माणसांची नावं घेतली. आपल्याकडे त्या वेळी पितृपंधरवडा चालू होता. माझ्याकडे वळून तमादांनी “अलावेर्दी” म्हटलं. मी माझ्या आजोबांचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं, आणि मराठीतच सांगितलं की या दिवसांत आम्हीही पानावर घास ठेवून त्यांना हाक मारतो. द्राक्षाचा रस भाकरीवर सांडला. भाचीनं ते त्यांच्या भाषेत सांगितल्यावर आजोबांनी वडिलांचं नाव पुन्हा विचारलं, नीट म्हणून पाहिलं, आणि स्वतःच्या भावाच्या नावाशेजारी ते उच्चारलं. गळ्यात माळ असलेल्या माझ्या वडिलांचं नाव त्या अंगणात त्यांच्या मानानं घेतलं गेलं.

चित्रकार निको पिरोस्मानी याच भागातला, सिग्नागीजवळच्या मिर्झानी गावचा. जन्म 1862चा. तिबिलिसीत पेढ्या-खानावळींच्या पाट्या रंगवून जगला, काळ्या मेणकापडावर चित्रं काढली, 1918मध्ये दारिद्र्यात गेला. त्याची चित्रं सिग्नागीच्या संग्रहालयात आहेत. त्याच्या जेवणावळींच्या चित्रांत पांढरंशुभ्र मेजपोस असतं, हातात शिंगाचे प्याले असतात, आणि माणसं गंभीर चेहऱ्यानं सरळ आपल्याकडे पाहत असतात. आदल्या दिवशी ती पाहताना मला त्यांचा गंभीरपणा कळला नव्हता. त्या रात्री कळला.

एका गोष्टीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. तमादा बहुधा पुरुष असतो, आणि घरातल्या बायका अर्ध्याहून अधिक सुप्रा चुलीपाशी असतात. आजी, त्यांच्या भाषेत बेबिया, खूप उशिरा येऊन बसल्या. मी त्यांच्यापाशी स्वयंपाकघरात गेले होते. दोऱ्यात ओवलेले अक्रोड त्या पीठ घालून आटवलेल्या द्राक्षरसात बुडवून काढत होत्या. वाळल्यावर त्याची चुर्चखेला होते, हिवाळाभर टिकणारी. काम करताना त्या हळू आवाजात यावनाना म्हणत होत्या. ही बायकांची गाणी. मुलाला गोवर-कांजिण्या आल्या की पूर्वी ती म्हणत. आजाराला ते लोक “बातोनेबी” म्हणजे धनी म्हणत, घरी आलेल्या धन्यांना फुलं, गोडधोड आणि गाणं देऊन खुशीनं परत धाडत. आमची आजी ‘देवी आल्या’ असं म्हणायची, घरात मोठ्यानं बोलू द्यायची नाही, लिंबाचा पाला ठेवायची. बेबियांना मी ते सांगितलं. त्यांनी काम थांबवून माझ्या गालाला हात लावला. त्यांचं गाणं मेजावर पोहोचत नाही, पण जुनं ज्ञान त्या खोलीतही तेवढंच होतं. एखाद्या सुप्रेत तमादा म्हणून बेबिया उभ्या राहिलेल्या मला पाहायच्या आहेत.

जेवण संपता संपता गाणं सुरू झालं. काखेतीची मेजावरची गाणी तीन आवाजांत असतात. वरचे दोन आवाज एकेका माणसाचे, पाळीपाळीनं पुढे येणारे, हरकती घेणारे, लांब श्वासाचे. खालचा आवाज सगळ्यांचा. तो एकच स्वर लांबवत राहतो, मधूनच एखादी पायरी सरकतो आणि पुन्हा जागेवर येतो. शब्द फारसे नाहीत, नुसता आकार-ओकार. वरची दोन माणसं कितीही दूर गेली तरी त्यांना परत यायला हा स्वर आहे. आणि तो धरायला गायक असावं लागत नाही. शेजारी बसलेल्या ट्रॅक्टरवाल्या तरुणानं मला कोपरानं ढोसलं आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवला. मी तो स्वर धरला. घरी सप्ताहात कीर्तनकारामागे टाळकरी उभे असतात. बुवांनी चरण सोडला की ध्रुपद उचलणारे ते. त्यांतल्या कुणाचा आवाज फार चांगला असतो असं नाही, पण ते नसले तर कीर्तन उभं राहत नाही. मी लहानपणापासून त्या रांगेत उभी राहिलेली, म्हणून इथे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

सर्वांत शेवटी त्यांनी ‘चाक्रुलो’ म्हटलं. लढाईला निघालेल्यांचं गाणं, काखेतीचं, म्हणायला फार अवघड. 1977मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यावर हे गाणं आहे. तिच्यावर भारताचं एकच गाणं आहे. ‘जात कहाँ हो’, राग भैरवी, आवाज सूरश्री केसरबाई केरकरांचा. गोव्यातल्या केरीत 1892मध्ये जन्मलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांकडे तालीम घेतलेल्या केसरबाई. दुसरं यान 5 सप्टेंबर 1977ला उडालं आणि 16 सप्टेंबरला त्या गेल्या. हे मी सांगितलं तेव्हा मेजावर कुणालाच ते ठाऊक नव्हतं. ‘चाक्रुलो’ अवकाशात गेल्याचं तिथलं पोरही सांगतं, पण त्याच तबकडीवर आणखी कोण आहे हे कशाला कुणी पाहील. आपल्याकडेही केसरबाईंचं नाव सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी ‘चाक्रुलो’ ऐकलंय? तमादांनी फोनवर भैरवी लावायला सांगितली. साडेतीन मिनिटं अंगण गप्प होतं. तंबोऱ्याचा स्वर त्यांनी लगेच ओळखला. एकानं त्यात आपला खालचा आवाज हळूच मिसळला. मग सगळे उभे राहिले आणि केसरबाईंसाठी प्याला उचलला गेला.

सिग्नागी गावात वर जे चाललंय, त्याबद्दल मला काळजी वाटते. 2007च्या सुमारास सरकारनं गाव रंगवून काढलं, लाकडी सज्जे नवे केले. चोवीस तास लग्न लावणारं नोंदणी घर उघडलं आणि गाव प्रेमिकांचं म्हणून विकलं जाऊ लागलं. गावात रोजगार आला, तरुण थांबले, हे खरं आहे. पण चौकात चार चाकांच्या मोटारसायकली भाड्यानं मिळतात, आणि काही खानावळींत पाहुण्यांना बसवून समोर गाणं आणि नाच होतो. पाहुणे टाळ्या वाजवतात. तिथे खालचा स्वर धरायला कुणालाच सांगितलं जात नाही. ऐकणाऱ्याला काम उरलं नाही की गाण्याचा कार्यक्रम होतो, आणि कार्यक्रम पैसे संपले की बंद पडतो. सोव्हिएत कारखाना आणि रशियाची बंदी या दोहोंतून ही रीत वाचली, कारण तिच्यात प्रत्येकाला काही ना काही करावं लागत होतं. कुणाला क्वेवरी घासायची होती, कुणाला दोन वाक्यं बोलायची होती, कुणाला एक स्वर धरून ठेवायचा होता. आपले सप्ताह आता मोठ्या स्पीकरवर, भाड्याच्या गायकांवर चालू लागले आहेत, टाळकऱ्यांची रांग आखूड होतेय. माझी काळजी तीही आहे.

तिकडे जाणार असाल तर सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचे दिवस धरा. दोन किलोमीटरवरच्या बोदबेला, संत निनोच्या समाधीपाशी जाऊन या. द्राक्षाच्या काड्यांचा क्रूस स्वतःच्या केसांनी बांधून तिनं हा देश ख्रिस्ती केला अशी तिची कथा आहे. मग वर चौकात न थांबता खालच्या एखाद्या खेड्यात, कुणाच्या घरी राहा. दिवसभर द्राक्षं तोडा. दारू घेत नसाल तर तसं सांगा, ते रस देतील. आणि तमादानं “अलावेर्दी” म्हणून तुमच्याकडे पाहिलं तर हात जोडून सुटका मागू नका. उठा आणि मराठीत बोला. ते पूर्ण ऐकून घेतात.